कोबी आंबवताना लोणच्याचा हात आडवा येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरला, ऐन एप्रिलमध्ये, सव्वा किलोचा पत्ताकोबीचा गड्डा चिरून, मीठ लावून बरणीत भरला. पहिल्या खेपेला मीठ चहाचे दोन चमचे. पाचव्या दिवशी वर पांढरी साय आली, खालचा कोबी लिबलिबीत झाला आणि ‘हे कुजकं घरात नको’ म्हणून आईंनी बरणी अंगणात नेऊन ठेवली. दुसऱ्या खेपेला धडा घेऊन मीठ चार टेबलस्पून. आज चौथा दिवस. बुडबुडा नाही, आंबटपणा नाही, जिभेवर नुसतं मीठ. आता दह्याचं विरजण लावावं का, आंबलंय की कुजलंय हे ओळखायचं कसं आणि किती दिवस ठेवायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

तुमची कृती चुकलेली नाही. कोबी चिरणं, मीठ चोळणं, दाबून भरणं, याहून वेगळं कोणीच काही करत नाही. चुकले ते दोन आकडे, मिठाचा आणि उष्णतेचा. दोन्ही ठिकाणी तुम्ही अंदाजाने गेलात, आणि तो अंदाज लोणच्याचा होता. माझंही पहिल्या दोन वर्षांत हेच झालं होतं, म्हणून जरा लांबण लावून सांगते.

लोणचं घालताना आपला सगळा आटापिटा जंतूंना बाहेर ठेवण्याचा असतो. बरणी उन्हात तापवायची, चमचा कोरडा हवा, पाण्याचा थेंब नको, मीठ भरपूर, वर तेलाचा थर. कोकणात खारातल्या कैऱ्या घालतात, गोव्यात चेपणीचे आंबे घालतात, तिथे तर मीठ इतकं असतं की खाण्याआधी फोड धुऊन घ्यावी लागते. हा हात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि आपल्या हवेला तो बरोबरच आहे. पण कोबी आंबवायचा म्हणजे जंतूंना आवतण द्यायचं असतं. सगळ्यांना नाही, काही थोड्यांना. मीठ इथे राखणदार नाही, दारवान आहे. कमी पडलं तर कोणीही आत शिरतं, जास्त झालं तर ज्यांना बोलावलंय तेही उंबऱ्यावरूनच परत जातात. तुमच्या दोन बरण्यांमध्ये नेमक्या या दोन गोष्टी झाल्या.

आता हिशोब मांडू. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो. दोन चमचे म्हणजे १२ ग्रॅम, सव्वा किलो कोबीला जेमतेम १ टक्का. त्यात नागपूरचा एप्रिल. कोबी मऊ पडला नसता तरच नवल. दुसऱ्यांदा चार टेबलस्पून, म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपास, साडेपाच टक्क्यांच्या वर. एवढ्या मिठात कोबी आंबत नाही असं नाही, पण फार सावकाश आंबतो, आणि चव आणणारे सुरुवातीचे जंतू त्यात बहुतेक दबून जातात. मला लागतं ते २ ते २.५ टक्के. हिवाळ्यात २, उन्हाळ्यात अडीच. चिरलेल्या कोबीच्या वजनावर, गड्ड्याच्या नाही. बाहेरची पानं आणि मधला दांडा काढल्यावर सव्वा किलोचा किलोभर उरतो. किलोला २० ते २५ ग्रॅम मीठ, संपला विषय.

आणि हे मीठ चमच्याने मोजू नका. जाडं मीठ, बारीक मीठ, सैंधव, प्रत्येकाचा चमचा वेगळ्या वजनाचा भरतो. स्वयंपाकघरात ठेवायचा साधा डिजिटल काटा घ्या. या सगळ्या उद्योगात मी कोणाला काही विकत घ्यायला लावत असेन तर तेवढाच. बाकी आयोडीनच्या मिठात कोबी आंबत नाही ही समजूत मला दर वर्षी कोणीतरी ऐकवतंच. आपल्याकडच्या खायच्या मिठात आयोडीन दशलक्ष भागांत काही भाग एवढंच असतं. मी वर्षानुवर्षं घरचं आयोडीनचं मीठ वापरते आणि कोबी आंबतो. बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे घालतात त्याने खार जरा गढूळ दिसतो, एवढंच.

खार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. लोणच्याला सुटतो तोच शब्द मी इथेही वापरते.

मी हे शिकले ते जर्मनीत. नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं श्टुटगार्टच्या जवळ होतो. शहराच्या दक्षिणेला फिल्डर नावाचं पठार आहे, तिथला कोबी आपल्यासारखा गोल नसतो, वर टोकदार असतो, गांधीटोपी दोन्ही हातांनी चेपावी तसा. ऑक्टोबरात तिथे कोबीचा उत्सव भरतो आणि मग घराघरांतून झाउअरक्राउट, म्हणजे आंबट कोबी, घालायला सुरुवात होते. खालच्या मजल्यावरच्या आजींकडे मातीचा एक जड रांजण होता. त्याच्या गळ्याभोवती पन्हळ होती, त्यात पाणी भरायचं आणि झाकण त्या पाण्यात बसवायचं. आतला वायू बुडबुड करत बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत येत नाही. आजी तो रांजण तळघरात ठेवायच्या आणि नाताळपर्यंत उघडायच्या नाहीत. मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, तळघराला विचार.

तेव्हा मला ते आढेवेढे वाटले. पुण्याला परत आल्यावर पहिल्याच एप्रिलमध्ये मी त्यांच्याच मापाने तीन किलो घातला आणि ओट्याखालच्या कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी कपाटातून खार वाहत होता, सहाव्या दिवशी कोबी शिजल्यासारखा मऊ. मीठ बरोबर होतं. तळघर नव्हतं.

बरणीत काय घडतं ते समजलं की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. ताज्या कोबीच्या पानांवर लॅक्टिक आम्ल करणारे जंतू मुळातच असतात, थोडे, पण पुरेसे. मिठाने पानातलं पाणी आणि साखर बाहेर येते. पहिल्यांदा कामाला लागतो ल्यूकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडस. नाव लांबलचक असलं तरी तुमच्या घरी तो नेहमी येतो. इडलीचं पीठ फुगतं ते मुख्यतः त्याच्याच जिवावर. साखर कारखान्यातल्या केमिस्टला मात्र तो अजिबात आवडत नाही, कारण ऊस तोडून पडून राहिला की हाच त्यातल्या साखरेचा चिकट पदार्थ करून ठेवतो. कोबीत हा गडी वायू सोडतो, त्या वायूने बरणीतली हवा बाहेर ढकलली जाते. आम्लही करतो, आणि चवीला लागणारा सौम्य आंबूस वास आणतो. आम्ल वाढलं की तो स्वतःच मागे हटतो आणि जास्त आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस कुळातले त्याची जागा घेतात. कोबीला खरा आंबटपणा आणि टिकाऊपणा आणतात ते हे.

गोम अशी की पहिल्या गड्याला १८ ते २२ अंश मानवतात. तीस-बत्तीसच्या वर त्याचं राज्य जेमतेम एक-दोन दिवस टिकतं, मग दुसरे धावत येतात. आठवड्यात कोबी आंबट होतो खरा, पण चव एकसुरी, नुसती आंबट, आणि पानांतला कुरकुरीतपणा गेलेला. म्हणजे उष्णतेत कोबी आंबत नाही असं नव्हे. घाईत आंबतो. रात्रभर भिजवलेली डाळ आणि कुकरात सोडा घालून उडवलेली डाळ, दोन्ही शिजतातच की.

त्यामुळे ‘किती दिवस’ याला एक आकडा मी देणार नाही. माझ्या नोंदवहीत आहे ते सांगते. खोली १८–२० अंशांवर असेल तर तीन ते चार आठवडे. पंचविशीच्या आसपास दहा ते चौदा दिवस. तिसाच्या वर पाच ते सात दिवस, आणि मग मुकाट्याने फ्रीज. फ्रीजमध्ये तो पुढेही हळूहळू मुरत राहतो, चव सुधारते, महिनोन्‌महिने टिकतो. तिसऱ्या दिवसापासून स्वच्छ काट्याने रोज चिमूटभर चाखा. तुम्हाला हवा तितका आंबट झाला की तो झाला.

नागपूरकरांना माझा पहिला सल्ला असा की पहिला कोबी नोव्हेंबर ते जानेवारीत घाला. तेव्हा तुमच्याकडे रात्री छान थंडी असते आणि बाजारातला कोबीही घट्ट, रसाळ, ताजा असतो. एप्रिल-मेचा गड्डा पुष्कळदा दिवसेंदिवस पडून राहिलेला असतो, त्याला पाणी कमी सुटतं. पण तुमचा उत्साह आत्ताचा आहे, सहा महिने थांबा म्हणणं माझ्याच्याने होणार नाही. तर एक युक्ती. नागपूरचं ऊन कोरडं असतं, ही तुमची इस्टेट आहे. मुंबईकराला ती नाही. परातीत चार बोटं पाणी घ्या, त्यात बरणी उभी करा, बरणीभोवती ओलं गोणपाट किंवा जाड सुती कापड असं गुंडाळा की त्याचं खालचं टोक पाण्यात बुडलेलं राहील. आता हे सगळं कूलरच्या खोलीत, पण वाऱ्याच्या तोंडावर नको, थोडं बाजूला. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने बरणी गार राहते. पुण्यात ३३ अंशांच्या खोलीत मी अशी बरणी २६ पर्यंत उतरवली आहे, तुमच्याकडची हवा आणखी कोरडी. परातीतलं पाणी रोज बदला, नाहीतर डास. जून उजाडला, हवा दमट झाली की ही युक्ती संपली.

आता भरण्याकडे येऊ, इथे फार काही नाही. गड्ड्याची बाहेरची दोन-तीन पानं काढा, त्यातलं एक चांगलं पान बाजूला ठेवा. उरलेला गड्डा नळाखाली धुवा. फवारणीची भीती असते म्हणून पुष्कळ जण कोबी गरम मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतात. भाजीसाठी खुशाल ठेवा, यासाठी नको, कारण ज्यांच्या भरवशावर हे काम चाललंय त्यांनाच आपण धुऊन घालवतो. चिरताना अळीवर लक्ष असू द्या. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या लांब पट्ट्या चिरा. किसू नका, किसलेला लवकर लगदा होतो. वजन करा, मीठ लावा, वीस मिनिटं सोडा आणि मग भाकरीचं पीठ मळल्यासारखा दोन्ही हातांनी चुरा. पाच-सात मिनिटांत कोबी दमतो, मूठ दाबली की बोटांतून पाणी ठिबकायला लागतं. दमला म्हणजे भरायला तयार.

बरणी काचेची रुंद तोंडाची किंवा चिनी मातीची, जिचं लुकण तडकलेलं नाही. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांच्याजवळ आंबट काही न्यायचं नाही हे तुम्हाला आईच सांगतील. एक-एक मूठ घालून मुठीनेच ठेचत भरा, मधे हवेचे खिसे नकोत. वर चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी. बाजूला ठेवलेलं पान वरून अंथरा आणि त्यावर वजन ठेवा. मी काचेची लहान वाटी पाण्याने भरून ठेवते. दगड वापरायचा तर काळा पाषाण, घासून उकळलेला. संगमरवरी बत्ता किंवा चुनखडीचा गोटा नको, आम्लात तो विरघळतो आणि आंबटपणाच मारून टाकतो.

एक अट मात्र पाळायचीच: कोबी खाराखाली पाहिजे. पूर्ण. एक पट्टीही वर डोकावता कामा नये. लोणच्यात हे काम तेल करतं, इथे खार करतो. हवेशी संबंध आला की वर यीस्ट आणि बुरशी येते, खाली हवा नसते तिथे आपले गडी सुखाने काम करतात. चोवीस तासांनी बघा. खार वर आला नसेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात १० ग्रॅम मीठ घालून तेवढं ओता. नळाचं पाणी तसंच नको, त्यात क्लोरीन असतं. झाकण सैल ठेवा आणि खाली ताट ठेवा, पहिल्या तीन-चार दिवसांत फसफसून खार बाहेर येणारच. झाकण गच्च आवळाल तर कधीतरी काच फुटेल.

विरजणाचं उत्तर: नाही. आपल्या मनात ते येतं, कारण दूध आपण विरजणाशिवाय लावत नाही. पण दूध तापवून आपण त्यातले जंतू आधी मारतो, म्हणून बाहेरून आणावे लागतात. कोबी कच्चा आहे, त्याचे त्याच्याजवळ आहेत. शिवाय दह्यातले जंतू दुधातल्या साखरेवर आणि चाळीस अंशांच्या आसपास पोसलेले, त्यांना कोबीत करमत नाही. त्याच कारणाने प्रोबायोटिकची कॅप्सूल फोडून घालू नका. मागच्या घाण्यातला खार घालावा का, हेही लोक विचारतात. घातल्याने बिघडत नाही, पण पहिला गडी त्यात राहिलेला नसतो, सगळे दुसऱ्या टप्प्याचे. काम लवकर उरकतं आणि चव पातळ येते. मी घालत नाही.

आता आईंचा प्रश्न, जो खरा कठीण आहे. आंबलं की कुजलं?

वास हा पहिला निकष, पण पहिल्या चार दिवसांच्या वासावर निकाल देऊ नका. कोबीत गंधकाची संयुगं असतात, बरणी उघडली की सुरुवातीला जो भपका येतो तो त्यांचा. घरातल्यांचं नाक तिथेच मुरडतं. हा वास बसतो आणि आठवड्याभरात त्याजागी स्वच्छ आंबट वास येतो, ताकाच्या आणि कैरीच्या मधला कुठला तरी. कुजल्याचा वास बसत नाही, वाढतो. त्यात सडलेल्या बटाट्याचा, गटाराचा अंश असतो आणि तो ओळखायला अनुभव लागत नाही. तुमचं नाक आपोआप मागे गेलं तर बरणी मोकळी करा.

पांढरी साय दोन प्रकारची. एक सपाट, पातळ, कोरडी, कधी सुरकुतलेली, ताक जास्त दिवस राहिलं की वर येते तशी. हे यीस्ट. घातक नाही, पण चव बिघडवतं आणि तसंच राहू दिलं तर आम्लही खातं. चमच्याने काढा, कडा पुसा, कोबी पुन्हा खाराखाली दाबा. दुसरी उंच, केसाळ, मखमली आणि बहुधा रंगीत: हिरवी, काळी, गुलाबी. ही बुरशी. वरचा थर काढून खालचा खाणारे लोक मी जर्मनीतही पाहिले आहेत. मी तसं करत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही, तीस रुपयांच्या कोबीसाठी ही जोखीम कशाला. तुमची पहिली साय वर्णनावरून यीस्टच वाटते, पण खाली कोबी मऊ आणि मीठ १ टक्का, म्हणजे आईंनी बरणी बाहेर काढली ते ठीकच झालं.

तार सुटणारा खार हे तिसरं भय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खार अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा ओढला जातो आणि माणूस घाबरतो. वर सांगितलेला ऊस आठवा: तोच चिकट पदार्थ. उन्हाळ्यात हे जास्त होतं. वास ठीक असेल तर चार-पाच दिवस थांबा, पुढचे जंतू बहुतेक वेळा तो संपवतात. संपलाच नाही आणि वासही संशयास्पद असेल तर टाका.

डोळ्यांवर आणि नाकावर भरवसा नसेल तर आम्लपणा मोजणाऱ्या पीएचच्या पट्ट्या आणा; आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात, ३ ते ६ मधला फरक दाखवणाऱ्या घ्या. बोट्युलिझमचा, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा, जंतू ४.६ च्या खाली वाढत नाही. नीट आंबलेला कोबी साडेतीनच्या आसपास येऊन थांबतो. आठवड्याच्या आत तो ४ च्या खाली गेला पाहिजे. गेला नाही तर मी खात नाही. घरातल्या संशयात्म्यांना पट्टीचा बदललेला रंग दाखवणं हा माझ्या अनुभवात वादावादीपेक्षा चांगला मार्ग आहे.

त्याहून चांगला मार्ग कॅप्टन कुक या इंग्रज दर्यावर्दीचा. १७६८ साली एंडेव्हर जहाज घेऊन तो निघाला तेव्हा स्कर्व्हीवर, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने खलाशांना होणाऱ्या रोगावर, उपाय म्हणून त्याने पिंपंच्या पिंपं भरून हा कोबी नेला होता. खलाशी त्याला हात लावेनात. कुकने सक्ती केली नाही. अधिकाऱ्यांच्या टेबलावर मात्र तो रोज वाढायला लावला, आणि खलाशांनी घ्यायचा तर घ्या, नाहीतर नका घेऊ, असं ठेवलं. आठवडाभरातच त्याला माणशी वाटा ठरवून द्यावा लागला. मी घरी हेच केलं. माझ्या सासूबाईंना कधी आग्रह केला नाही. एक दिवस थालीपिठाबरोबर नवरा आणि मी चवीने खात होतो, तर त्यांनीच ताट पुढे केलं. आता त्यावर हिंग-मोहरीची फोडणी गार करून घालण्याची कल्पना त्यांची. जर्मनीतल्या आजींना कळलं तर काय म्हणतील ठाऊक नाही, त्या क्युमेल, म्हणजे शहाजिऱ्याच्या कुळातलं एक बी, आणि जुनिपरची सुकी फळं घालून शिजवून खायच्या. शिजवला की जंतू मरतात, चव राहते. कच्चा खायचा की शिजवून हे तुमच्यावर.

दोन गोष्टी परिस्थितीवर सोडते. १०० ग्रॅम कोबीत २ ते अडीच ग्रॅम मीठ आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. रक्तदाबाचा त्रास असेल तर हा लोणच्यासारखा तोंडीलावणं म्हणून दोन चमचे, कोशिंबिरीसारखा वाटीभर नाही. आणि घरात कोणी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेत असेल तर कोबीतल्या के जीवनसत्त्वामुळे डॉक्टरांना आधी विचारा. पोट नाजूक असलेल्यांनी पहिल्या आठवड्यात चमचाभरच खावा, गॅस होतो.

आता तुमच्या समोर असलेल्या खारट बरणीचं. ती टाकू नका. वास कच्च्या कोबीचाच असेल आणि वर बुरशी नसेल तर आजच पावणेदोन किलो कोबी, चिरल्यावर भरणारा पावणेदोन किलो, आणा आणि त्याला अजिबात मीठ न लावता चुरा. मग मोठ्या पातेल्यात जुना कोबी खारासकट ओता, नवा घाला आणि वर-खाली करून एकजीव करा. तुमचे ७० ग्रॅम मीठ आता पावणेतीन किलोत वाटलं जाईल, म्हणजे अडीच टक्क्यांच्या जवळ, उन्हाळ्याला हवं तेवढं. एका बरणीत मावणार नाही, दोन करा. तासाभराने पुन्हा एकदा कालवून मगच भरा, म्हणजे मीठ सगळीकडे सारखं लागेल. दाबा, पान, वाटी, ओलं गोणपाट. परवापर्यंत बुडबुडे दिसायला हवेत. दिसले नाहीत तर खोलीचं तापमान आणि कोबी कुठला, किती दिवसांचा होता ते लिहून कळवा, मग पुढचं बघू.